घटक ५ : पंडिता रमाबाई : बुद्धी आणि श्रद्धा यांचा जीवनपट

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• पंडिता रमाबाईंच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• त्यांच्या धर्मश्रद्धेत वेळोवेळी झालेले बदल आणि त्यांमागील कारणे स्पष्ट करता येतील.
• बुद्धिमत्ता आणि बुद्धिवाद या दोन संज्ञांमधील फरक विशद करता येईल.
• एखाद्याच्या श्रद्धेवरून त्याच्या बुद्धीचे मोजमाप करण्याची प्रवृत्ती कितपत ग्राह्य आहे, याविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संपर्क-सत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत हमखास विचारला जातो. शिकलेला माणूस देवाधर्मावर विश्वास कसा ठेवतो? कधी तोच प्रश्न उलट बाजूने येतो. इतका हुशार माणूस नास्तिक कसा झाला? दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच गृहीतक असते. माणसाची श्रद्धा पाहिली की त्याच्या बुद्धीची पातळी कळते, हे ते गृहीतक होय. तुमच्यापैकी अनेकांना हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटणार नाही. घरात पूजाअर्चा, उपास, वारी किंवा नमाज, प्रार्थना चालू असतात. आपण मात्र नोकरी आणि संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करीत असतो. तेव्हा आपण शिकत आहोत म्हणजे घरच्यांपासून दूर जात आहोत काय, अशी शंका मनाला चाटून जाते.

या शंकेचा विचार तात्त्विक चर्चेतून करता येतो, तसाच एखाद्या जीवनचरित्रातूनही करता येतो. या घटकात आपण दुसरा मार्ग स्वीकारला आहे. त्यासाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र निवडले आहे. रमाबाईंनी आयुष्यात एकदा नव्हे, तर अनेकदा श्रद्धेची भूमिका बदलली आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बुद्धीविषयी लोकांनी नवा निकाल दिला. ते निकाल तपासणे हा या घटकाचा गाभा आहे.

५.२ दोन शब्द, दोन अर्थ

चरित्राकडे वळण्यापूर्वी शब्दांची थोडी उकल करणे आवश्यक आहे. मराठीत बुद्धिमान आणि बुद्धिवादी हे शब्द दिसायला जवळचे आहेत. अर्थाने मात्र ते भिन्न आहेत. बुद्धिमत्ता ही एक क्षमता आहे. आकलन, स्मरण, तुलना, अनुमान, विसंगती हेरणे ही तिची कामे होत. बुद्धिवाद ही एक भूमिका आहे. ज्ञानाचा अंतिम निकष बुद्धी हाच मानावा, असे ती भूमिका सांगते. क्षमता असूनही एखादी व्यक्ती ती भूमिका स्वीकारणार नाही, आणि भूमिका स्वीकारूनही एखाद्याची क्षमता बेताचीच असेल. या दोहोंची सरमिसळ झाली की बुद्धिवादी नाही म्हणजे बुद्धिमान नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

श्रद्धा या शब्दाचेही असेच आहे. संस्कृतातील 'श्रत्' आणि 'धा' यांपासून तो सिद्ध झाला असून विश्वास ठेवणे असा त्याचा मूळ अर्थ आहे. त्यात कळत नाही म्हणून मानणे ही छटा नाही. ती छटा मराठीत भाबडा, भोळा या शब्दांनी व्यक्त होते. भाविक आणि भाबडा या शब्दांत आपली भाषाच भेद करते. बोलताना आपण मात्र तो विसरतो.

५.३ भाविक विदुषी : १८५८ ते १८७८

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कर्नाटकातील चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी पुण्यात संस्कृतचे अध्ययन करीत असताना पेशव्यांच्या घराण्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकविले जाते, हे त्यांनी पाहिले. स्त्रीलाही ही भाषा शिकता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. ती त्यांनी शास्त्राधारांनीच मांडली.

अनंतशास्त्री धर्म नाकारणारे नव्हते, हे येथे ध्यानात घ्या. ते निष्ठावान वैष्णव होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे त्यांना धर्माच्या चौकटीतच योग्य वाटले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना या कुटुंबाने तीर्थयात्रेला प्रारंभ केला आणि ती वर्षानुवर्षे चालली. देवळांत, घाटांवर पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे रमाबाईंना शिकविण्याचे काम आईने केले. पहाटे उजाडण्यापूर्वी लक्ष्मीबाई लहानग्या मुलीला उठवीत आणि तिच्याकडून पाठांतर करून घेत. भागवतासारखा प्रचंड ग्रंथ रमाबाईंना कोवळ्या वयातच मुखोद्गत झाला.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. व्रते, नवस, दानधर्म सर्व करून झाले. जवळचे किडूकमिडूक संपले. प्रथम वडील, मग आई, मग थोरली बहीण असे तिघे थोड्याच काळात गेले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री मागे राहिले. शास्त्रात सांगितलेले सर्व काही आपण केले, तरी देवाने हाक का ऐकली नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात येथेच प्रथम उभा राहिला.

त्यानंतर ही भावंडे पायी हजारो मैल फिरली. या प्रवासातील एक प्रसंग रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मवृत्तात नोंदविला आहे. हिमालयाच्या परिसरातील एका सरोवरात सात डोंगर तरंगत असून पुण्यवंतांकडे ते आपण होऊन येतात, अशी ख्याती होती. पाण्यात सुसरी असल्याने कोणी उतरू नये, असे पुजारी सांगत. श्रीनिवासशास्त्री एके दिवशी त्यांची नजर चुकवून पोहत गेले. तरंगणारे डोंगर म्हणजे तराफ्यावर रचलेला दगडमातीचा ढीग आणि त्यावर लावलेली झाडे होती. यात्रेकरूंनी दक्षिणा दिली की मागून कोणी तो तराफा ढकलीत असे. हा प्रसंग नीट पाहा. बहीण-भाऊ या वेळीही यात्रेकरूच होते. त्यांची चिकित्सा श्रद्धेच्या आतच सुरू झाली होती.

५.४ संशयाचा काळ : १८७८ ते १८८३

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची तरुणी संस्कृतात सहज संभाषण करते, हे त्या काळी अपूर्व होते. ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत देऊन ती वाचण्यास सुचविले. स्त्रीला वेदाधिकार नाही, असा संस्कार मनावर असल्याने रमाबाई प्रथम बिचकल्या. मग त्यांनी उपनिषदे वाचली, वेदही वाचले. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळताना त्यांना एक गोष्ट आढळली. अनेक बाबतींत परस्परविरोधी असणारे हे ग्रंथ एका मुद्द्यावर एकमत होते. स्त्री आणि शूद्र यांना कनिष्ठ लेखण्याचा तो मुद्दा होता. वाचनाने परंपरेवरील त्यांचा विश्वास ढळला, असे आपण निश्चितपणे म्हणू शकतो.

१८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री निधन पावले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर जातीने शूद्र मानला गेलेला, वधू ब्राह्मण. हिंदू किंवा ख्रिस्ती यांपैकी कोणत्याच धर्मावर दोघांचा विश्वास उरला नव्हता. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली. १८८२ च्या प्रारंभी पटकीने मेधावींचा अंत झाला. तेवीस वर्षांच्या विधवा रमाबाई कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्याच वर्षी पुण्यात आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची देशाला गरज आहे, असे त्यांनी आयोगाला सांगितले. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी त्यांच्या पाठीशी होते. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी या काळात कोणालाच शंका नव्हती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविण्याचे समर्थन कोणत्या आधारे केले?
२. रमाबाईंचा परंपरेवरील विश्वास ढळण्याची कोणतीही दोन कारणे लिहा.

५.५ धर्मांतर आणि दोन्हीकडचे आक्षेप : १८८३ ते १८८६

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येऊ लागल्याने तो बेत पुढे सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाकडे त्या राहिल्या. लंडनजवळील फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत. ते काम पाहून रमाबाई हेलावून गेल्या. ज्यांना त्यांच्या परिचयाच्या शास्त्रांत केवळ दंड होता, त्यांना येथे माणूस म्हणून जवळ केले जात होते. त्याच सुमारास फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. गोरे हे पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री, स्वतः षड्दर्शनांचे पंडित. अंतःकरण फुलहॅमने वळविले आणि युक्तिवाद गोऱ्यांनी पुरविले, असे म्हणता येईल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब उडाला. कालपर्यंत जी सरस्वती होती, ती आज अनेकांच्या लेखी चंचल, भोळी आणि मिशनऱ्यांच्या जाळ्यात सापडलेली अबला ठरली. महात्मा फुले मात्र वेगळे बोलले. १८८५ मधील 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. हिंदू शास्त्रांच्या अभ्यासातूनच त्या या निर्णयाला आल्या, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच घटनेत काहींना बुद्धीचा ऱ्हास दिसला, तर फुल्यांना बुद्धीचा परिपाक दिसला.

इकडे इंग्लंडमध्ये नेमकी उलट तक्रार होती. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांविषयी रमाबाई एकामागून एक प्रश्न विचारीत. बायबलमध्ये स्वतःला जे आढळेल आणि सदसद्विवेकाला जे पटेल तेच मानीन, असा त्यांचा आग्रह होता. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. कळत नसलेल्या त्या भाषेऐवजी संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, या कल्पनेला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी नमते घेतले नाही. त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डाइन यांना हा बुद्धीचा गर्व वाटे.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा. पुण्यातील टीकाकारांच्या मते या स्त्रीजवळ विचार कमी पडला होता. वाँटेजमधील मार्गदर्शिकेच्या मते तिच्याजवळ विचार फार झाला होता. व्यक्ती एक, वर्षे तीच. मग हे निर्णय रमाबाईंच्या बुद्धीविषयी होते, की निर्णय देणाऱ्यांच्या अपेक्षांविषयी?

५.६ शारदा सदन आणि विश्वासाचा प्रश्न : १८८६ ते १८९३

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथेच प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मिळालेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्यास हलविले. विधवांसाठी असलेल्या या संस्थेतील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन आनंदीबाई कर्वे झाल्या.

सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या आक्षेपाला आपण क्षुल्लक लेखू नये. परावलंबी विधवा मुलीवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच, ही भीती अवास्तव नव्हती. मात्र हा प्रश्न विश्वासाचा आणि दिलेल्या शब्दाचा होता. रमाबाईंच्या बुद्धीशी त्याचा संबंध नव्हता.

त्या काळचे पुणे या दृष्टीने फार बोलके आहे. रानडे प्रार्थनासमाजाचे एकेश्वरवादी. टिळक सनातन परंपरेचा अभिमान बाळगणारे आणि गणिताचेही जाणकार. आगरकर ईश्वराच्या अस्तित्वाविषयी साशंक. फुले निर्मिक मानणारे आणि पुरोहितशाही नाकारणारे. रमाबाई ख्रिस्ती. एका शहराच्या सार्वजनिक जीवनात, जवळपास एकाच काळात वावरलेल्या या पाच व्यक्तींपैकी बुद्धीने थिटे कोण होते? श्रद्धेच्या पायऱ्या आखून त्यांवर बुद्धीची उतरंड रचता येत नाही, हे या पाच नावांवरूनच कळून येते.

५.७ मुक्ती आणि बायबलचे भाषांतर : १८९६ ते १९२२

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणून केडगाव येथे आश्रय दिला. स्वतःच्या कुटुंबाचा अंत दुष्काळात पाहिलेल्या बाईने हे काम हाती घेतले, यात नवल नाही. मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकविली जात. आता त्यांची श्रद्धा अधिक उत्कट झाली होती. १९०५ मध्ये केडगावला सामूहिक प्रार्थनेची मोठी लाट आली. तरुणपणी त्रैक्यावर वाद घालणाऱ्या रमाबाई आता संपूर्ण बायबल हेच प्रमाण मानू लागल्या होत्या.

याच काळात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित मराठी भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ते कळत नाही आणि त्यातील काही शब्दांना हिंदू देवधर्माच्या कल्पना चिकटलेल्या आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून शब्दशः, साध्या मराठीत भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच ते छापले.

भाषेचा अभ्यासक म्हणून या कामातील एक अंतर्विरोध तुमच्या नजरेस आणतो. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या विदुषीने संस्कृत शब्दच हट्टाने दूर ठेवले. परिणामी तिची वाक्ये पुष्कळदा खडबडीत झाली. पण शब्दांना चिकटलेल्या अर्थच्छटा कोणत्या आणि त्या कशा टाळाव्यात, हे ओळखण्यासाठी लागणारी सूक्ष्म भाषिक जाण अव्वल दर्जाची होती. श्रद्धेने कामाची दिशा ठरविली. ते पार पाडले बुद्धीने.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरंगत्या डोंगरांचे बिंग भावासोबत पाहणाऱ्या रमाबाईंनी तीच कसोटी उत्तरायुष्यातील श्रद्धेला लावली काय? त्यांच्या काही वाचकांना ती लावलेली दिसत नाही. काहींच्या मते दुःखितांची सेवा हीच त्यांची कसोटी होती आणि त्यांची श्रद्धा तिला उतरली होती. तुम्ही कोणतीही बाजू घ्या. पण वाद त्यांनी बुद्धी कशी वापरली याविषयी आहे, ती त्यांच्याजवळ होती की नाही याविषयी नाही, हे विसरू नका.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा निवर्तल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. अखेरपर्यंत त्या भाषांतराच्या कामात होत्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.

५.८ समारोप

एका चरित्रावरून सार्वत्रिक नियम सिद्ध होत नाही. परंतु एक खरे उदाहरण चुकीचा नियम मोडण्यास पुरेसे असते. भाविक, संशयी, प्रश्न विचारणारी नवख्रिस्ती आणि उत्कट भक्त या चारही अवस्थांत रमाबाईंची बुद्धी तीच होती. बदलली ती श्रद्धा. तिच्या बदलामागे वाचन होते, तसेच भुकेचा अनुभव, मृत्यू, अपमान, करुणा आणि सहवासही होते. म्हणजेच बुद्धी श्रद्धेवर परिणाम करते, पण एकटी करीत नाही. आणि माणूस काय मानतो यापेक्षा तो ते कसे मानतो, प्रश्न विचारू देतो की नाही, यात तिचा ठसा अधिक उमटतो.

शेवटी एक लहानशी नोंद. १८८७ चे ते इंग्रजी पुस्तक ख्रिस्ती रमाबाईंनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. त्या आईने अखेरपर्यंत हिंदू व्रते पाळली होती, आणि मुलीला पहिले अक्षर, पहिला श्लोक आणि पहिली शिस्त तिनेच दिली होती. मुलीने आईची श्रद्धा सोडली, पण तिच्या बुद्धीचे ऋण जाहीरपणे मान्य केले. अभ्यासाला बसताना घरातील देव्हाऱ्यापुढे बसलेल्या माणसाकडे तुम्ही कोणत्या नजरेने पाहता, याचा विचार या नोंदीच्या प्रकाशात करा. देव्हारा ज्यांच्या घरात नाही, त्यांच्याकडेही त्याच नजरेने पाहा.

५.९ सरावासाठी स्वाध्याय

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या कोठे मिळाल्या?
२. रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू 'सत्सार'मध्ये कोणी घेतली?

आ) टीपा लिहा.
१. बुद्धिमत्ता आणि बुद्धिवाद
२. रमाबाईंचे बायबल-भाषांतर

इ) सविस्तर उत्तर लिहा.
१. रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात आणि इंग्लंडमध्ये घेतल्या गेलेल्या आक्षेपांची तुलना करा.

ई) उपक्रम
आपल्या कुटुंबातील किंवा परिसरातील अशा एका व्यक्तीशी संवाद साधा, जिची श्रद्धा तुमच्याहून वेगळी आहे. ती श्रद्धा तिला कशी लाभली आणि तिने तिच्याविषयी कोणते प्रश्न स्वतःला विचारले, याची दोन पानांत नोंद करा. नोंदीत आपला निर्णय लिहू नका.